दारू, क्षय आणि घरांतलें मौन
(यवतमाळ जिल्ह्यांत केलेल्या भाषणावरून)



दारू वाईट, हें सांगावयास आम्ही आलों नाहीं. तें पिणाऱ्यालाहि ठाऊक असतें. आम्हांला बोलावयाचें आहे तें दारू आणि क्षय यांच्या सोयरिकीबद्दल. मारेगांव-पांढरकवड्याकडील कष्टकऱ्यांच्या घरांत खोकल्याची गोष्ट उघड बोलतात, दारूची झांकतात. आणि त्या झांकण्यापायीं माणूस हातचा जातो.

क्षय ही करणी नव्हे. त्याचा जंतु रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरानें १८८२ सालीं शोधून काढला. रोग्याच्या खोकल्याबरोबर तो हवेंत उडतो व दुसऱ्याच्या छातींत शिरतो. शिरला म्हणजे रोग झालाच असें नाहीं. पुष्कळांच्या अंगांत तो जन्मभर निजून राहतो, कारण फुफ्फुसांतल्या राखणदार पेशी त्याला कोंडून ठेवतात. दारू या राखणदारांनाच लुळें करते. त्यांत पिणारा धड जेवत नाहीं. कापूस वेंचून मिळालेली मजुरी गुत्त्यांत जाते. रोज ४० ग्रॅमहून अधिक मद्यार्क पोटांत जाणाऱ्यास क्षयाचा धोका सुमारें तिप्पट, असें अनेक देशांतल्या पाहणींवरून दिसलें आहे. कडक दारूच्या एका पव्व्यांत ४० ग्रॅमहून जास्तच मद्यार्क असतो! "आम्ही थोडीच घेतों" म्हणणारांनीं हा हिशेब करावा. लोक उष्ट्या ग्लासाला भितात. क्षय ग्लासानें लागत नाहीं, गुत्त्याच्या कोंदट हवेनें लागतो.

अर्थात् न पिणाऱ्यालाहि क्षय होतो. उपाशी राबणाऱ्या बाईला तो होतो. तिला कोणीं दारूचा दोष द्यावा?

खरा घोळ पुढें, औषधांत आहे. साध्या क्षयाला सहा महिने गोळ्या लागतात. पहिले दोन महिने चार औषधें, मग चार महिने तीन. त्यांतलीं आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड हीं यकृताला जड जाऊं शकतात, आणि दारूचा घावहि तेथेंच. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, ओकाऱ्या थांबेनात, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पण बहुधा घडतें तें निराळें. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगांत बळ येतें, मग गडी पुन्हां गुत्त्यावर आणि गोळ्या कोनाड्यांत. राहिलेले जंतु औषधाला जुमानीनासे होतात, आणि तेच निगरगट्ट जंतु त्याच्या लेंकराच्या छातींत जातात.

आशाताई विचारते, "पितात का हो?" घरची बाई अब्रूसाठीं म्हणते, "नाहीं बाई." आम्ही हात जोडून सांगतों, खरें सांगा. डॉक्टराला ठाऊक असलें तर तो यकृत तपासत राहील. दारू सुटेपर्यंत औषध थांबवूं नका, आणि "पितोस तर औषध कशाला?" असें हिणवून कोणी परत धाडलें, तर चार माणसें घेऊन पुन्हां जा.

बाटली फोडून व्यसन सुटत नाहीं. वर्षानुवर्षें पिणाऱ्यानें एकाएकीं सोडली तर थरकांप सुटतो, भ्रम होतो, जीवहि जातो. तें डॉक्टराच्या नजरेखालीं व्हावें. २०२१ च्या एप्रिलांत टाळेबंदीमुळें दुकानें बंद असतां वणींत माणसांनीं सॅनिटायझर पिऊन प्राण गमावले, हें आपण विसरलों नाहीं.

सरकारचेंहि नवल वाटतें. एका हातानें फुकट गोळ्या, दुसऱ्या हातानें दारूचा महसूल! जोतीरावांनीं १८८० सालींच पुण्याच्या म्युनिसिपालिटीला दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलें होतें. लोकांच्या आरोग्यावर खर्च करावयाचा आणि तें बुडवणारीं दुकानेंहि वाढूं द्यावयाचीं, हा मेळ त्यांना बसत नव्हता. आम्हांलाहि बसत नाहीं.

रोग्याच्या पोषणासाठीं सरकारकडून खात्यांत पैसे येतात. नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये. ते आले कीं घरच्या बाईनें बरोबर जाऊन काढावे व डाळ, शेंगदाणे, अंडीं घेऊनच परत यावें. दोन आठवड्यांवर खोकला असलेलें कोणी येथें बसलें असेल, तर सभा उठल्यावर आम्हांला भेटावें. उद्यां सकाळीं थुंकी तपासावयास बरोबर जाऊं.