एका गोष्टीवरून दुसरी गोष्ट कां आठवते
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या प्रसंगीं आठवणींविषयीं चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. महोत्सव म्हटला कीं आठवणी आल्याच. परंतु आठवण येते तेव्हां मनांत काय घडतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो आज थोडा करूं.

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याकडे येणाऱ्या लाँचींत मी एकदां बसलों होतों. शेजारच्या मावशींच्या टोपलींत सुके बोंबील होते. त्या वासासरशीं मला माझ्या आजीचें अंगण आठवलें. अंगणावरून तिची काठी, काठीवरून कावळे हांकण्याची तिची आरोळी, आणि त्या आरोळीवरून, कां कोण जाणे, मीं तिच्याजवळ बोललेलें एक खोटें. चाळीस वर्षें तें मला आठवलें नव्हतें. मोरा येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बोंबलाचा आणि त्या खोट्याचा संबंध काय? तर्कानें पाहिलें तर कांहींच नाहीं. मनानें मात्र दोहोंना एका अंगणांत ठेविलें होतें, आणि अंगणाचें दार उघडतांच दोन्ही बाहेर आलीं. शास्त्रज्ञ सांगतात कीं, दृष्टि व श्रवण यांच्या संवेदना मेंदूंतील एका मधल्या ठाण्यावरून पुढें जातात. वासाची संवेदना मात्र तें ठाणें टाळून भावना आणि स्मृति यांच्या भागांपर्यंत थेट पोहोंचते. म्हणूनच वास आपणांस असा बेसावध गांठतो.

हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत लिहून ठेविलें कीं, हरवलेली आठवण शोधतांना आपण तिच्यासारख्या, तिच्या उलट किंवा तिच्या जवळच्या वस्तूपासून आरंभ करतों. आपल्या देशांत गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायांत स्मृतीचीं कारणें दिलीं आहेत, तीं वीसांहून अधिक भरतात. त्यांत सादृश्य आहे, विरोध आहे, आनंतर्य म्हणजे एकामागून एक येणें आहे. शिवाय सुख, दुःख, भय आहे, आणि वियोगही आहे. मला तरी गौतमाची यादी अधिक जिव्हाळ्याची वाटते. ॲरिस्टॉटलची त्रयी शाळामास्तराच्या फार उपयोगाची. परंतु ज्याला घर सोडावें लागलें, त्याच्याशीं बोलतांना वियोग हा एकच शब्द कामास येतो.

आमच्या खाडीकांठच्या लोकांनीं तर ग्रंथ न वाचतांच या नियमांवर पोट भरलें. भरतीची वेळ ते कशी ठरवीत? तिथीची पाऊणपट करून. चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती, अष्टमीस सहाच्या सुमारास. आणि सुमारें साडेबारा तासांनीं पुन्हां तीच. जुन्या शाळांत पाऊणकी घोकून घेत असत. ती पाठ असलेल्या मुलाला चंद्राची कोर पाहून खाडींत पाणी केव्हां चढेल तें सांगतां येई. चंद्र, आंकडा आणि पाणी अशी ही साखळी आहे. तसेंच खोल पाण्यांतील जागेचें. पाण्यावर खूण करतां येत नाहीं. म्हणून किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेंत धरावयाच्या, समजा एखादें झाड आणि स्वच्छ हवेंत दूरवरून दिसणारा कर्नाळ्याचा सुळका, आणि तशीच दुसरी जोडी दुसऱ्या बाजूला. जेथें दोन्ही रेषा मिळतील, तेथें डोल जाळें लावावयाचें. बापानें मुलाला जागा दाखविली ती अशा जोड्यांनीं.

आतां नांवांकडे पाहा. दास्तान फाटा म्हटलें कीं घाईंतल्या मोटारवाल्याला वाहनांची कोंडी आठवते. उरणच्या शेतकऱ्याला १९८४ च्या जानेवारींत जमिनीच्या लढ्यांत गोळीबारानें पडलेले पांच हुतात्मे आठवतात. न्हावा शेवा या नांवाचें तर याहून विलक्षण झालें. न्हावा आणि शेवा हीं दोन गांवें. १९८० नंतरच्या दशकांत बंदराकरितां शेवा गांव उठविण्यांत आलें आणि तेथील लोकांना उरणजवळ नवीन शेवा व हनुमान कोळीवाडा येथें वसविण्यांत आलें. २६ मे १९८९ रोजीं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. आज जगांतल्या मोठमोठ्या बंदरांत मालाच्या कागदांवर न्हावा शेवा हीं अक्षरें छापलेलीं असतात. तीं वाचून तेथल्या कारकुनाला जकात आणि कंटेनर आठवतात. ज्या गांवानें नांव दिलें त्याचें अंगण, विहीर, वाट यांतलें त्याला कांहीं आठवण्याचें कारणच नाहीं. तो कारकून परका आहे, त्याचें सोडा. नव्या वसाहतींत जन्मलेल्या मुलालाही तेंच होतें, ही खरी काळजीची गोष्ट आहे. ज्यांनीं जुनें गांव पाहिलें, त्यांना वियोगच आठवण करून देतो. ज्यानें पाहिलेंच नाहीं त्याला वियोग तरी कशाचा?

जागा आणि आठवण यांचा संबंध निव्वळ भावनेचा नव्हे. १९५३ सालीं अमेरिकेंत एका रोग्याच्या मेंदूंतील हिप्पोकॅम्पस नांवाचा भाग दोन्ही बाजूंनीं काढण्यांत आला. त्यानंतर त्याला नवीन घडलेली गोष्ट स्मरणांत ठेवतां येईना. पुढें १९७१ सालीं जॉन ओ'कीफ यांनीं उंदरांच्या त्याच भागांत अशा पेशी दाखविल्या कीं, प्राणी एका ठराविक जागीं आला म्हणजे त्या जाग्या होतात. २०१४ सालच्या नोबेल पारितोषिकांत या शोधाचा मान झाला. म्हणजे वाट ओळखणारा आणि गोष्ट सांठविणारा भाग एकच. संत ऑगस्तीन यांनीं आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागांत स्मृतीला विशाल दालनांची उपमा दिली, ती त्या मानानें किती नेमकी होती!

या दालनांचा प्रत्यक्ष उपयोग करणारे एक धर्मगुरु आपल्या किनाऱ्यावर राहून गेले. येशूसंघीय मात्तेओ रिच्ची १५७८ पासून १५८२ पर्यंत गोवा व कोची येथें होते. क्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, तेव्हां रिच्ची या देशांतच होते. रिच्ची पुढें चीन देशांत गेले आणि १५९६ सालीं त्यांनीं चिनी भाषेंत स्मरणकलेवर पुस्तक लिहिलें. त्यांची रीत अशी: मनांत एक वास्तु उभी करावी, तिच्या प्रत्येक कोपऱ्यांत लक्षांत ठेवावयाची एकेक वस्तु ठेवावी, आणि हवी तेव्हां मनानेंच त्या वास्तूंतून चालत जावें.

हें वाचल्यावर मला एक युक्ति सुचली. नव्या वसाहतींतील एका वृद्ध गृहस्थांकडे मी पूर्वीं गेलों होतों. "बाबा, जुन्या गांवाचें काय आठवतें?" असें विचारलें तेव्हां ते म्हणाले, "काय आठवायचें? गेलें तें गेलें." या वेळीं मीं प्रश्न बदलला. म्हटलें, "बाबा, होडी लागली आहे. उतरा. उजव्या हाताला काय आहे?"

ते डोळे मिटून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "उतरूं कसा? ओहोटी आहे. चिखलांतून चालत जावें लागेल."

मग ते चालूं लागले. एका दारांत कोणाचें लग्न झालें, कोणत्या दारांतून गेलेला माणूस वादळांतून परतला नाहीं, कोणाच्या ओट्यावर जाळीं विणीत बसत, सर्व ओळीनें येऊं लागलें. विहिरीपाशीं ते बराच वेळ गप्प राहिले. मींही विचारलें नाहीं. कोपऱ्यांत मोबाईलमध्यें मान घालून बसलेल्या नातवानें तेवढ्यांत वर पाहिलें व विचारलें, "आजोबा, ती विहीर कुठें होती?" त्यांनीं हात लांब करून बंदराच्या क्रेनींकडे दाखविलें. मुलगा उठला, शाळेची वही घेऊन आला आणि दारांचा क्रम लिहूं लागला.

तासाभरांत आम्ही एक आळीही पुरी केली नाहीं. मी निघालों तेव्हां ते म्हणाले, "उद्यां या. वरची आळी अजून राहिली आहे."