किल्ल्याची माती

भालकी तालुक्यातल्या एका मराठी शाळेचं स्नेहसंमेलन. प्रमुख पाहुणे इथलेच जुने विद्यार्थी, धातुशास्त्राचे प्राध्यापक. पत्रिकेत विषय छापला होता 'दहावीनंतर काय?' पण माइक हातात घेताच त्यांची नजर पुढच्या खुर्चीवरच्या विज्ञानाच्या बाईंवर गेली आणि भाषण आठवीच्या सहलीबरोबर बिदरला निघालं.

तिथं बिदरी भांडी घडवणाऱ्या एका कारागिरानं किल्ल्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि मान हलवली. ही नको, दुसरी. मुलं हसली. बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "त्यांना काय कळलं असेल रे?" तो प्रश्न आयुष्याला पुरला, असं पाहुणे म्हणाले तेव्हा बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

बिदरीचं भांडं मुख्यतः जस्ताचं, तांबं थोडंसंच. कोरलेल्या नक्षीत चांदीची तार ठोकून बसवतात. मग भांडं तापवून, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात कालवून त्यावर चोळतात. भांडं काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते. सुझन ला नीस आणि ग्रॅहम मार्टिन यांचा जुन्या बिदरी भांड्यांच्या तपासणीवरचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की या काळ्या थरासाठी ते थोडंसं तांबंही लागतं.

रसायन तेवढ्यावरच थांबलं, कारण पाहुण्यांना दुसरंच सांगायचं होतं.

"हात काळे होऊ द्या!" मोबाइलवर बिदरी पाहून बिदरी कळत नाही. हात काळे होऊ द्या. पालकांकडे वळून म्हणाले, पोरानं शेतातली बिघडलेली मोटार खोलली तर ओरडू नका. मुख्याध्यापकांना हात जोडून म्हणाले, सर, प्रयोगशाळेचं कुलूप रोज उघडा.

हा आग्रह रास्तच होता. बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं २००६ मध्ये, बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री २०२३ मध्ये. बहामनी काळापासून सांगितल्या जाणाऱ्या या कलेत ती माती पहिल्यांदा कुणी चोळून पाहिली, त्याचं नाव मात्र कुठंच नाही. ज्ञान टिकलं ते बापाच्या हातून लेकाच्या हाती जात.

पाहुण्यांनी आणलेली, अजून काळी न केलेली करडी डबी सतरंजीवरच्या मुलांत फिरू लागली. दहावीचं राहूनच गेलं. नववीतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, ती माती तुम्ही चाखली का?"

"चाखली ना," पाहुणे बाईंकडे बघत म्हणाले. "त्याच दिवशी. बाईंची पाठ वळल्यावर."