विहिरीवरचे वर्तमान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बायबलातील गोष्टींवर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी जरा बिचकलेच. मी काही व्याख्याती नव्हे. शिवाय आपल्या धामणगाव बढ्यात ख्रिस्ती घरे थोडी. तेव्हा रविवारी जे ऐकते, ते सोमवारी चुलीपाशी कितपत टिकते, एवढेच आज सांगणार आहे.

लहानपणी आपण सर्वांनी इसापनीती वाचली. गोष्ट संपली की खाली ‘तात्पर्य’ असायचे. बायबलातील गोष्टीही मी कित्येक वर्षे तशाच वाचल्या. जखमी वाटसरूला उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट; तात्पर्य, परोपकार करावा. उधळ्या मुलाची गोष्ट; तात्पर्य, बापाचा पैसा उडवू नये. ही तात्पर्ये खोटी नाहीत. पण या पुस्तकांना मराठीत ‘शुभवर्तमान’ म्हणतात. वर्तमान म्हणजे बातमी. तू काय करावेस, हे उपदेश सांगतो. तुझ्यासाठी कोणी काय केले, हे बातमी सांगते. हा फरक मला फार उशिरा उमगला.

लूकच्या शुभवर्तमानात, 15 व्या अध्यायात, एका बाईची गोष्ट आहे. तिच्याजवळ दहा नाणी असतात, त्यांतले एक हरवते. ते नाणे म्हणजे त्या काळची सुमारे एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. मागल्या दिवाळीत माझ्या आईच्या कुड्यांपैकी एक हरवली. वीज गेलेली. बॅटरी घेऊन मी धान्याच्या कोठ्यांमागचा केर उपसला, तेव्हा कोठे ती हाती लागली. धुळीत पडली म्हणून तिचे मोल कमी झाले नव्हते. आणि सापडण्यासाठी तिने स्वतः काहीच केले नव्हते. देव माणसाला कसा शोधतो, हे सांगताना येशूने केरसुणी घेतलेली बाई पुढे केली. घरात राबणाऱ्या आपणा बायकांना याहून मोठा मान कोणता?

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात आहे. भर दुपारी एक शोमरोनी बाई एकटीच विहिरीवर येते. तिला पाच नवरे होऊन गेलेले. आणि आता आहे तो तिचा नवरा नव्हे. का, ते गोष्टीत सांगितलेले नाही. कोणी वारले असतील, कोणी टाकले असेल. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्यालाभांडे लागू देत नसत. पाण्याचा हा विटाळ आपल्याला परका नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यासाठीच सत्याग्रह करावा लागला. त्या विहिरीवर थकून बसलेल्या येशूने तिला आधी उपदेश केला नाही. तो म्हणाला, मला प्यायला पाणी दे. तिची सारी हकीकत त्याला ठाऊक होती. तरी त्याने तिच्याच हातचे पाणी मागितले. आणि ती घागर तेथेच टाकून गावात सांगायला धावली.

हीच गोष्ट पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आली. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिले आणि विचारले, हे तुम्ही का करता? त्या भगिनीने उत्तरादाखल शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी सापडला. एवढ्या विदुषीलाही तात्पर्यापासून वर्तमानापर्यंत यायला आठ वर्षे लागली! 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात, विहिरीवरच्या त्या बाईसारख्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन काढले. खेड्यातल्या बाईलाही कळावे म्हणून ग्रीक व हिब्रू शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. मुक्तीतल्या स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळवले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. ते बायबल 1924 साली बाहेर पडले.

आता माझी गोष्ट. आमच्या आळीत एक मुलगी सासर सोडून माहेरी परतली. सकाळी नळावर बायका असत, म्हणून ती दुपारी पाणी न्यायची. मी खिडकीतून बघत असे. तिची कीव करी, तिच्यासाठी प्रार्थनाही करी. पण दोन उन्हाळे तिच्याशी बोलले नाही. लोक काय म्हणतील, हेच मनात. एकदा तीच विहिरीची गोष्ट वाचता वाचता मला माझी खिडकी दिसली. दुपारी तिच्या दाराशी गेले नि म्हटले, “पोरी, घोटभर पाणी दे बरं.”

ती गोंधळली. “काकू, तुम्ही अन् आमच्या घरी?” म्हणाली. तांब्या देताना तिचा हात कापत होता. त्या दिवशी तिने सांगितले, “लोक डाळ-तांदूळ देतात हो, पण आमच्या घरचं कोणी खात नाही.” तिचे प्रकरण काही मिटले नाही, कोर्टाच्या तारखा चालूच आहेत. पण आता ती सकाळी नळावर येते.

भगिनींनो, देणे सोपे असते. देणारा उंचावर राहतो. मागणे अवघड असते, कारण त्यासाठी शेजारी बसावे लागते. ज्या बायका आपल्या हळदीकुंकवाला येत नाहीत, किंवा ज्यांना आपणच बोलावत नाही, त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. येत्या आठवड्यात प्रत्येकीने अशा एकीच्या घरी जावे. काही देऊ नये. चहा मागावा.