वायरीतून नेट: पॉवरलाइन अडॅप्टर सारखा का तुटतो?

(ऐकायला वेळ नसेल, तर या भागातलं बोलणं इथे वाचा. बोललोय तसंच ठेवलंय, अडखळणं तेवढं काढलंय.)

आज एका छोट्या डब्याबद्दल बोलायचंय. ह्या डब्याने आमच्या घरात जवळजवळ भांडण लावलं होतं. पॉवरलाइन अडॅप्टर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. दोन डबे असतात. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि लॅन केबलने राउटरला जोडायचा. दुसरा लांबच्या खोलीत. मधली नवी केबल वाचते, कारण नेट घराच्या लाइटच्या वायरिंगमधून जातं. आपली लाइट 50 हर्ट्झची. हे डबे त्याच वायरीवर 2 मेगाहर्ट्झच्या वरचा सिग्नल चढवतात. दोन्ही एकत्र धावतात, एकमेकांना त्रास देत नाहीत. निदान पुस्तकात तरी.

आमचं घर कराडला. खालचा मजला जुना, काळ्या दगडाच्या भिंती. वर स्लॅब टाकून नंतर बांधलेल्या दोन खोल्या. राउटर खाली हॉलमध्ये, ताईची खोली वर. वायफाय जिन्यातच जीव सोडतं. म्हणून मीच मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ताई, केबल-बिबल काही नको, हा डबा घे."

आणि मग तिचा इंटरव्ह्यू झाला. क्लायंट परदेशातला, त्यामुळे वेळ संध्याकाळी साडेसातची. दहा मिनिटांत आवाज तुटायला लागला. तीनदा कॉल कट. समोरचे चांगले होते, म्हणाले, "आपण पुढच्या आठवड्यात परत बोलू." ताई खाली आली, मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हातात पाच दिवस होते. आता जे केलं ते क्रमाने सांगतो. घाईत चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिला प्रश्न, दोष नेटचा आहे की डब्याचा? वरच्या लॅपटॉपवरून राउटरला पिंग लावून ठेवला. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग लिहा, राउटरचा पत्ता टाका, शेवटी हायफन टी. थांबवेपर्यंत चालू राहतं. लॅपटॉपचं वायफाय मात्र बंद ठेवा, नाहीतर तपासता भलतंच. फोनवर पिंगची फुकट ॲप्स मिळतात. आमच्याकडे एरवी 4-5 मिलिसेकंद, आणि मध्येच सरळ "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". त्याच वेळी खाली राउटरशेजारी फोनवर व्हिडिओ मस्त चालू. म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक होतं. कस्टमर केअरला फोन करून उपयोग नव्हता.

दुसरा, डबेच खराब आहेत का? दोन्ही डबे खाली एकाच खोलीत लावले आणि अर्धा तास पिंग चालू ठेवला. एकदाही तुटलं नाही. म्हणजे डबे बरे, घोळ मधल्या वायरीत. ही टेस्ट नवीन डबे विकत घ्यायच्या आधी करा. पैसे वाचतील.

तिसरा, तुमचा डबा कुठे लावलाय? ताईचा स्पाइक गार्डमध्ये होता. स्पाइक गार्डचं कामच आहे वायरीतला फालतू गोंगाट गाळणं, आणि त्याच्या दृष्टीने आपला सिग्नलसुद्धा गोंगाटच! डबा काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. स्पीड 6 एमबीपीएसवरून 22 वर. फुकटात. साध्या एक्स्टेंशन बोर्डलाही शक्यतो लावू नका.

इथेच एक सांगतो. बॉक्सवर 600 लिहिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. तो वायरीवरचा कागदी वेग, जाण्यायेण्याचा मिळून. 600 वाल्या बऱ्याच डब्यांचं लॅन पोर्टच 100 चं असतं. व्हिडिओ कॉलला तसे 3-4 एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळायला हवेत. वेग कमी असला तरी चालेल, तुटायला नको.

आणि आमचं अजून तुटतच होतं. दुपारी ठीक, संध्याकाळी बोंब. मग वहीत वेळा लिहायला लागलो. 7 वाजून 5 मिनिटं. दुसऱ्या दिवशी 7 वाजून 2. सातला घरात काय होतं? आई दिवाबत्ती करते! आणि देवघरातली एलईडीची माळ लावते. माळेचं बटण बंद केलं, पिंग सरळ. चालू केलं, पिंग गेला. तीनदा करून बघितलं. आई म्हणाली, "देवाच्या दिव्याने तुमचं नेट जातं होय रे?" देवाचा दोष नाही आई, त्या माळेच्या स्वस्तातल्या छोट्या अडॅप्टरचा आहे. असे अडॅप्टर, लोकल चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वायरीत भरपूर गोंगाट सोडतात. एसटी स्टँडवर फोनवर बोलण्यासारखं होतं. तुमच्याकडे वेगळा चोर असेल. एकेक वस्तू बंद करून शोधा. डब्याशेजारच्या चार्जरपासून सुरुवात करा.

चौथी गोष्ट वायरमनकाकांनी दाखवली. आमचं मीटर थ्री फेज. हॉल एका फेजवर, ताईची खोली दुसऱ्या. एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्यावर जातो, पण अशक्त होऊन. मग कधी चालतं, कधी नाही. काका म्हणाले, "इन्व्हर्टरची लाइन बघ ना, ती वर-खाली एकाच फेजवर आहे." दोन्ही डबे इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आणले. 22 चे 48 झाले! आणि लाइट गेली तरी दोन्ही डबे आणि राउटर चालू. मेन बंद करून बॅटरीवरही तपासलं, कारण काही इन्व्हर्टर स्वतःच गोंगाट करतात. आमचा साइन वेव्हचा, त्यामुळे निभावलं. एक मात्र हात जोडून सांगतो, डीबी बॉक्स स्वतः उघडू नका. फेज बघायला वायरमनच बोलवा.

बाकीचं पटपट. लॅपटॉप झोपला की काही डबे पॉवर सेव्हिंगमध्ये जातात, ते बिघाड समजू नका. डबे एकमेकांना विसरले, तर एकाचं पेअर बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. फ्लॅटमध्ये राहत असाल, तर पेअर करणं विसरूच नका. कंपनीतून येताना सगळ्यांची किल्ली सारखीच असू शकते, आणि सिग्नल शेजाऱ्याच्या वायरिंगपर्यंत पोचू शकतो.

आणि एवढं करूनही जमलं नाही तर? सरळ केबल टाका. कॅट सिक्स केबल 100 मीटरपर्यंत नीट चालते आणि तिला देवघरातल्या माळेचा काही फरक पडत नाही. इंटरव्ह्यूच्या दिवशी बाबा गुपचूप बाजारातून 20 मीटर केबल घेऊन आले. जिन्यातून वर टाकली आणि ताईच्या टेबलापाशी गुंडाळून ठेवली. म्हणाले, "असू दे, लागली तर." मला थोडं लागलं, पण बरोबरच होतं ते.

साडेसात वाजले. माळ बंद, समईची वात तेवढी चालू. मी जिन्यात फोनवर पिंग बघत बसलेलो. पन्नास मिनिटं झाली, एकदाही तुटलं नाही. केबल गुंडाळलेलीच राहिली.

ताईला ऑफर आली. ती तिच्या अभ्यासामुळे, डब्यामुळे नाही. डबा फक्त मध्ये आला नाही, एवढंच. आणि मी एक शिकलो. घरातल्या कुणाला काही घ्यायला लावलं, तर ते त्यांच्या वेळेला, त्यांच्या जागेवर बसून एकदा तपासायचं. मी दुपारी तपासलं होतं. तिचं काम संध्याकाळी होतं.

तुमच्या घरातला चोर कोण निघाला, ते व्हॉइस नोटने नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि तो स्पाइक गार्ड आजच बघा!