गाणं तिचं, हिशोब दुसऱ्यांचा

आपल्या जात्यावरच्या ओव्या राहिल्या, पण रचणाऱ्या कितीतरी बायांची नावं हरवली. आज आम्ही ज्या बाईची गोष्ट सांगणार आहोत, तिचं नाव राहिलं, पैसा मात्र भलतीकडेच गेला.

अल्बर्टा हंटर १८९५ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मली. कोवळ्या वयात ती शिकागोला पळाली. आधी स्वयंपाकघरात राबली, मग गुत्त्यांमध्ये गात गात मोठ्या नाचघरापर्यंत पोचली. पियानो वाजवणाऱ्या लव्ही ऑस्टिनबरोबर तिनं ‘डाउनहार्टेड ब्लूज’ हे गाणं रचलं. १९२२ साली ते तिच्याच आवाजात तबकडीवर आलं. पुढच्या वर्षी बेसी स्मिथनं तेच गायलं. बेसीची ती पहिलीच तबकडी, आणि ती लाखांनी खपली. पण अल्बर्टाच्या हाती पडली किरकोळ रक्कम. हक्काचे व्यवहार दुसऱ्यांनीच उरकले होते.

ती रडत बसली नाही. १९२८ साली लंडनमध्ये पॉल रोबसनबरोबर ‘शो बोट’ या संगीत नाटकात उभी राहिली. महायुद्धात सैनिकांसाठी गायली. पुढे आई गेली आणि तिनं गाणंच सोडलं. साठीच्या आसपास वय असताना, ते बारा वर्षांनी कमी सांगून ती नर्सिंग शिकली! न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात वीस वर्षं रुग्णसेवा केली. १९७७ साली सत्तरी झाली म्हणून तिला निवृत्त केलं, तेव्हा ती खरी ब्याऐंशी वर्षांची होती. त्याच वर्षी ती पुन्हा गायला उभी राहिली, नवी गाणी रचली, आणि १९८४ साली जाईपर्यंत गात राहिली.

मैत्रिणींनो, आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. सिनेमातलं गाणं सिनेमागृहाबाहेर वाजलं, तर त्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा आता कंपनीला लिहून घेता येत नाही. पण कायद्याचा आधार घ्यायला गाणं कुणाचं हे दाखवावं लागतं. म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे, गाणं रचलंत तर वहीत उतरवा, खाली नाव आणि तारीख घाला. कुणी रेकॉर्डिंगसाठी कागद पुढे केला, तर वाचल्याशिवाय, विचारल्याशिवाय सही करू नका. आणि वय झालं म्हणून गाणं थांबवू तर मुळीच नका.