पंधरा दिवसांची मुदत

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापला आहे : ‘चेहऱ्यावरच्या सौंदर्योपचारांचे धोके आणि पश्चात्ताप’. मला त्यातलं मुख्य म्हणणं आत्ताच सांगून टाकायचं आहे, म्हणजे वेळ संपला तरी ते राहून जायला नको. चेहऱ्यावर जे काही केवळ हौसेनं, इच्छेनं करून घ्यायचं असतं, त्यात मागणी आणि सुई यांच्यामध्ये पंधरा दिवस गेले पाहिजेत. त्या पंधरा दिवसांत क्लिनिकनं एक रुपया घ्यायचा नाही. अ‍ॅडव्हान्स नाही, हप्ता बांधून देणं नाही, ‘आज ठरवलंत तर वीस टक्के सूट’ नाही. आणि ही मुदत डॉक्टरच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. ती कायद्यानं हवी.

फ्रान्समध्ये ती आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेच्या खर्चाचा लेखी अंदाज पेशंटच्या हातात पडला की किमान पंधरा दिवस शस्त्रक्रिया करता येत नाही. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२३ पासून सात दिवसांची मुदत घातली, शिवाय फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी बंधनकारक केली. आपल्याकडे स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. नाक बदलायला एका सहीवर काम होतं. (हशा) हसलात, बरं वाटलं. पण त्या सहीचा कागद पेशंट बहुतेक वेळा खुर्चीत आडवा झाल्यावर वाचतो, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

नाकाचा विषय निघाला की सुश्रुताबद्दल बोलायला हवं, पण ते तुम्ही सगळ्यांनी शाळेत वाचलेलं आहे, तेव्हा तो भाग सोडते. पुण्याच्या एका नव्या नाकाची गोष्ट मात्र सोडवत नाही. पाच मिनिटं घेते.

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. खाली फक्त ‘बी. एल.’ अशी अक्षरं, सोबत एका माणसाचं चित्र. माणूस आपल्याकडचा, मराठा शेतकरी, नाव कावसजी. पेशवे, निजाम आणि इंग्रज मिळून टिपूशी लढत होते, त्या १७९२ च्या लढाईत हा इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं, एक हात तोडला. तशा चेहऱ्यानं तो वर्षाहून जास्त काळ जगला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या कारागिरानं, आपण कुंभार म्हणू, त्याला नवं नाक करून दिलं. पत्रात त्या कारागिराचं नाव नाही. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती.

केलं कसं, ते ऐका. मेणाचा पातळ पत्रा घ्यायचा आणि नाकाच्या थोट्यावर बसवून नाकाचा आकार करायचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेनं रेघ मारायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. सोडवलेली कातडी खाली आणायची, अर्धी पिळून उलटवायची आणि नाकाच्या थोट्याभोवती जी खाच केली असेल, तिच्यात तिच्या कडा बसवायच्या. टाके नाहीत. कात पाण्यात मऊ करायचा, कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवायच्या. (हशा) हो आजोबा, तोच. पानातला कात! चार दिवस हीच मलमपट्टी. नंतर तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. पेशंटनं पाच-सहा दिवस उताणं झोपून राहायचं. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती डोळ्यांमधली पट्टी कापायची.

पंचविसाव्या दिवशी! त्याआधी नाही. नवं नाक खालून स्वतःचं रक्त घ्यायला लागेपर्यंत ते त्या पट्टीवर जगत असतं. पाचव्या दिवशी पट्टी कापली असती, तर नाक काळं पडून गळून गेलं असतं. त्या कारागिराला शरीरशास्त्राचं पुस्तक ठाऊक नसेल, पण थांबायचं किती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जोसेफ कार्प्यू नावाच्या लंडनच्या सर्जननं ही हकीकत मनात धरली. तशी शस्त्रक्रिया लागणारा पेशंट मिळेपर्यंत वीस वर्षं गेली. १८१४ मध्ये त्यानं ती केली, १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक छापलं आणि युरोपात नाकाच्या शस्त्रक्रियेला पुन्हा पालवी फुटली. आजही कॅन्सरनं नाक गेलेल्या माणसाला आम्ही प्लास्टिक सर्जन कपाळाचीच कातडी देतो. (टाळ्या) या टाळ्या पुण्याच्या त्या कारागिराला पोचोत.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केलं आहे. ही गोष्ट लांबली खरी, पण ती मी उगाच सांगितलेली नाही. डोळ्यांच्या मधल्या पट्टीत काय असतं, तिथे मला यायचं होतं. आपण कुंकू लावतो ना, त्याच्या अगदी शेजारून एक बारीक धमनी कपाळावर चढते. डोळ्याच्या खोबणीतून येते. डोळ्याला रक्त देणाऱ्या मुख्य धमनीची ती फांदी. कावसजीचं नाक तिच्यावर जगलं.

आज त्याच जागेवर लोक आठ्या घालवायला फिलर टोचून घेतात.

फिलर म्हणजे कातडीखाली भरायचा जाडसर जेल. बहुतेक वेळा हायलुरोनिक अ‍ॅसिडचा असतो, कधी पोटाची किंवा मांडीची चरबी काढून तीच भरतात. सुईचं टोक चुकून त्या धमनीत गेलं आणि पिचकारीवर जोर पडला, तर जेल रक्ताच्या उलट्या दिशेनं मागे सरकतो, तुंबलेल्या मोरीतलं पाणी उलटं वर यावं तसा. मागे डोळ्याच्या मुख्य धमनीपर्यंत पोचतो. जोर सुटला की रक्त त्याला पुढे ढकलतं, आणि तो डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत जाऊन अडकतो. डोळा जातो. खुर्चीत बसल्या बसल्या, काही सेकंदांत. पडद्याला तास-दीड तास रक्त मिळालं नाही, तर नजर बहुधा परत येत नाही.

२०१५ मध्ये जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या अशा केसेस गोळा करून एक लेख आला. त्यात ९८ केसेस होत्या. सर्वांत जास्त भुवयांच्या मधल्या जागेच्या, त्यानंतर नाकाच्या. आणि जवळजवळ निम्म्यांत भरलेला पदार्थ पेशंटची स्वतःची चरबी होती. ‘आपलीच चरबी, मग त्यात कसला धोका?’ असं समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगते. त्या लेखाच्या लेखकांत डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स आहेत. व्हँकुव्हरमध्ये पापण्या फडफडण्याच्या आजारावर बोटॉक्सचं इंजेक्शन देताना, त्यानं कपाळाच्या आठ्याही जातात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी आणि त्यांचे पती अ‍ॅलिस्टर यांनी बोटॉक्स सुरकुत्यांवर आणलं. या क्षेत्राचा पाया घालणाऱ्या बाईंनी आंधळेपणाचा हिशोबही मांडला, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

लाखो इंजेक्शनांपुढे ९८ हा आकडा लहान, असं माझे तरुण सहकारी म्हणतात. लहान आहेच. पण तो नोंदलेल्यांचा आकडा आहे, आणि ज्याचा डोळा गेला त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग? जेल हायलुरोनिक अ‍ॅसिडचा असेल तर तो विरघळवणारं हायलुरोनिडेझ नावाचं औषध आहे. ते त्याच खोलीत, त्याच क्षणी हाताशी असावं लागतं. चरबीवर किंवा सिलिकॉनवर त्याचा काही उपयोग नाही. इंजेक्शन देताना कातडी एकदम पांढरी पडली, निळसर जाळी उमटली, न सोसणारं दुखायला लागलं किंवा डोळ्यापुढे अंधार आला, तर ‘होईल कमी’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातून पेशंटला सोडवून थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. आणि सुई कुणाच्या हातात असते? २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला केशरोपणाबद्दलच्या सूचनांत लिहावं लागलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. असं लिहायची वेळ आली, यावरून चेहऱ्याची काय स्थिती असेल ते तुम्हीच ताडा.

हौसेनं चेहऱ्यात काही टोचून घेणं आजचं नाही. ग्लॅडिस डीकन या अमेरिकी तरुणीबद्दल थोडक्यात सांगते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची ही गोष्ट. तिच्या सौंदर्याची युरोपभर ख्याती होती. नाकाची रेषा ग्रीक पुतळ्यासारखी सरळ हवी म्हणून तिनं नाकाच्या दांड्यात पॅराफिन मेण टोचून घेतलं. ते तेव्हाचं नवं फॅशनेबल तंत्र होतं. मेण खाली उतरलं, चेहऱ्याची बिघडलेली ठेवण कायमची राहिली. पुढे १९२१ मध्ये ती मार्लबरोची डचेस झाली; ब्लेनहाइम राजवाड्याच्या दर्शनी ओसरीच्या छतावर तिचे निळे डोळे रंगवलेले आजही दिसतात. डोळेच फक्त.

एक चिठ्ठी आली आहे. वाचते. ‘तुम्ही स्वतः प्लास्टिक सर्जन. आयुष्यभर तेच केलंत. मग आता तरुण मुलींनी केलं की त्रास का?’

चिठ्ठी ज्यांनी लिहिली त्यांना मी थेट सांगते. मी सरकारी हॉस्पिटलात स्टोव्हनं भाजलेले चेहरे, दुभंगलेले ओठ, कुत्र्यानं फाडलेले गाल शिवले. आणि हो, केवळ इच्छेसाठीही नाकं केली. लग्नासाठी पाच ठिकाणांहून नकार घेऊन आलेल्या मुलीच्या इच्छेला मी नावं ठेवणार नाही. नकार देणाऱ्या पाच घरांना ठेवीन. (टाळ्या) मी मागते आहे ते पंधरा दिवस, त्याहून जास्त काही नाही.

आणि पश्चात्ताप फक्त काही बिघडलं म्हणूनच होतो, असं नाही. माझ्याकडे एक मुलगी आली होती. दुसऱ्या सर्जननं केलेलं तिचं नाक इतकं सुरेख झालं होतं, की मी मनात त्याचं कौतुक केलं. तिच्या माहेरी सगळ्यांची नाकं एका साच्यातली, आजोबांची, आत्यांची, चुलत भावंडांची. एका दुपारी ती चौकशीला गेली. कुणीतरी तारीख रद्द केली होती, दोन दिवसांनंतरची जागा मोकळी होती, तिनं ती घेतली. दिवाळीत सगळे जमले आणि धाकटा चुलतभाऊ म्हणाला, ‘तू आता आमच्यासारखी दिसत नाहीस.’ त्यानं कौतुक म्हणूनच म्हटलं होतं. ती माझ्याकडे विचारायला आली, की मधला उंचवटा परत बसवता येईल का. पंधरा दिवस मिळाले असते तर तिनं नकार दिला असता, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दिवाळी त्या पंधरा दिवसांत येत होती.

त्या पंधरा दिवसांत आणखी एक गोष्ट होऊ शकते, सेल्फीचा भ्रम उतरू शकतो. मोबाइल तोंडासमोर एका फुटावर धरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरून दिसते त्यापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त दिसते. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी हे गणितानं काढून दाखवलं. ओपीडीत मुलगी सेल्फी पुढे करायची, तेव्हा मी तिच्या आईला सांगायची, दाराशी उभ्या राहून हिचा फोटो काढा. काही जणींचा प्रश्न तिथेच सुटायचा. ज्यांचा कशानेच सुटत नाही, आरशापासून ज्यांना हलवत नाही, ज्यांना दिसणारी खोट दुसऱ्या कुणालाच दिसत नाही, त्यांचा आजार मनाचा असतो. एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरनं १८९१ मध्येच त्याचं वर्णन केलं. त्यांना सुरीनं सहसा बरं वाटत नाही; एक खोट गेली की नजर दुसरीवर जाते. एका भेटीत हे ओळखणं अनुभवी सर्जनलाही जड जातं. दुसऱ्या भेटीत पुष्कळदा कळतं.

घंटा झाली.  तीन चिठ्ठ्यांना उत्तरं देते आणि थांबते.

‘मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आहे. बोटॉक्स आणि ओठांचं फिलर एकत्र पॅकेजमध्ये मिळतंय.’ नको. बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागू शकतात, आणि पापणी खाली उतरली तर ती वर यायला काही आठवडे जातात. ओठांवर सूज आणि काळंनिळं होऊ शकतं. नाकाची शस्त्रक्रिया तर विचारूच नका. तिची सूज पुरती उतरायला वर्ष लागतं.

‘पार्लरमध्ये फिलर करतात, स्वस्त पडतं.’ तिथून उठा. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीत आहे का ते बघा, आणि हायलुरोनिडेझ कुठे ठेवलं आहे ते दाखवायला सांगा. दाखवायला का-कू केली तर दार उघडंच असतं.

शेवटची. ‘बारा वर्षांपूर्वी गालात काहीतरी भरलं होतं, आता गाठी लागतात.’ ताई, ज्यांनी भरलं त्यांच्याकडून आधी त्या पदार्थाचं नाव लेखी मिळवा. जुनं बिल, बाटलीवरचं स्टिकर, काहीही चालेल. ते घेऊन सरकारी हॉस्पिटलच्या प्लास्टिक सर्जरी विभागात जा. तोवर गाठी दाबू नका, कुणाला टोचू देऊ नका. कार्यक्रम संपल्यावर मी खाली पायऱ्यांशी थांबते, तिथे या.