निनावी वार्ता आणि शिक्षक



१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. आधार काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेली अफवा! त्या सुमारास देशभर फिरलेली अपहरणाची एक चित्रफीत वस्तुतः कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारपटाची होती. शेवटचा खुलासा तेवढा कोणी कापला होता. वृत्तपत्रावर संपादकाचे नाव असते. फार काय, गावच्या दवंडीमागेही पाटील असे. या संदेशास धनीच नसतो. पालक असा संदेश घेऊन शाळेत आल्यास, ‘हे कोठे घडले? केव्हा? प्रत्यक्ष कोणी पाहिले?’ एवढे शिक्षकाने शांतपणे विचारावे, पोलीस पाटलास कळवावे, आणि स्वतः तो संदेश पुढे धाडू नये.